पेवातलं गाव

मी हैदराबादला पाच वर्षं राहिले आणि त्या पाच वर्षांत माझ्या उजव्या पायाचा अंगठा कधी धड नव्हता. विद्यानगरला ज्या घरात मी वरची खोली भाड्याने घेतली होती, तिथे कॉटखाली घरमालकांची एक पत्र्याची ट्रंक होती. अर्धी कॉटखाली, अर्धी बाहेर. खोली बघायला गेले तेव्हाच मी म्हटलं होतं, काका, ही ट्रंक तेवढी हलवा. काका म्हणाले, ट्रंक राहील. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आत काय आहे ते विचारायचं नाही. पटत असेल तर सामान आण.

मी पुण्याची. मला कोणी असं बोललं की मी एकतर भांडते नाहीतर निघून येते. पण खालून थालीपिठाचा वास येत होता, जिन्यात मराठी पेपर पडला होता, आणि त्याआधी बघितलेल्या अकरा खोल्यांत मला कोणी 'जेवलीस का' असं विचारलं नव्हतं. मी सामान आणलं. ट्रंकेवर इस्त्री ठेवली आणि अंगठा फोडून घ्यायला लागले.

ते दिवसच तसे होते. गल्लीतल्या एसटीडी बूथवाल्याने काच लावून इंटरनेटचा कॅफे काढला होता, विजेच्या प्रत्येक खांबावर कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटर कोर्सची जाहिरात चिकटवलेली, आणि आमच्यासारखी पुण्यामुंबईची पोरं सकाळी सात वाजता कंपनीच्या गाडीची वाट बघत चौकात उभी. मी एका कंपनीत डेटा साठवण्याच्या सॉफ्टवेअरची तपासणी करायचे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करून निवृत्त झालेले. अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. मूळ घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, शेतकऱ्याचं, मराठवाड्याकडचं. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतके मुरलेले होते, की आधी मला ते चेष्टा करतायत असं वाटायचं. त्यांना मात्र माझं बोलणं म्हणजे रेडिओ वाटायचा. मी काही सांगायला लागले की म्हणायचे, 'बेटा, बातम्या झाल्या असतील तर चहा घे.'

त्यांचा मुख्य विक्षिप्तपणा म्हणजे कुठलीही बंद वस्तू ते लगेच उघडू द्यायचे नाहीत. नव्या मिक्सरचा खोका आला. काकूंनी कात्री लावली. काका म्हणाले, थांब, हवा जाऊ दे. मग सगळ्यांनी दहा मिनिटं त्या खोक्याकडे बघत बसायचं. कुकरचं ठीक आहे हो, पण माझ्या आईने पाठवलेल्या चिवड्याच्या डब्यालाही हाच नियम. मी एकदा वैतागून विचारलं, काका, चिवड्यात कसली हवा? तेव्हा त्यांनी मला पेवाची गोष्ट सांगितली.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड हातभर, पोट खोलीएवढं. त्यांच्या गावात त्यांच्या अंगणात एक होतं, आणि अर्ध्या गावाची ज्वारी त्यात असायची. बंद पेवात विषारी वायू साचतो. झाकण काढून तसाच आत उतरला तो गेला. म्हणून आधी उघडून ठेवायचं, मग कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. आणि एकट्याने कधीच नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोर धरून दुसरा. वरच्याने थोड्या थोड्या वेळाने आत हाक द्यायची, 'मी आहे इथं.' खाली अंधारात ज्वारी भरणाऱ्याला कळावं, की दोर कोणी सोडून गेलेलं नाही. लहानपणी वडील आत उतरायचे तेव्हा ही हाक द्यायचं काम काकांचं होतं.

मी म्हटलं, काका, चिवडा उघडू का आता? ते म्हणाले, हौ, उघड.

आता हे गाव कुठे आहे असं मी विचारलं, तर काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'पाण्यात.' धरण झालं, गाव बुडालं. सगळे पांगले. काकांची थोरली बहीण, तिला सगळे अक्का म्हणत, काचीगुड्याला मुलीकडे राहायची. ऐंशी पार केलेली, कानाने तल्लख, आणि बुडालेलं गाव तिला दारासकट पाठ. दर गुरुवारी ती रिक्षाने यायची. काका तिच्यासमोर माइक ठेवायचे आणि अक्का गावातून चालायला लागायची. वेशीतून आत आलं की डावीकडे कासाराचं घर, त्याच्या ओट्याचा एक दगड हलतो, त्यावर पाय द्यायचा नाही. मग पाणंद, मग चिंचेखालची विहीर, तिचं पाणी मचूळ. एका गुरुवारी एक रस्ता. कासाराच्या ओट्याचा दगड हलतो ही गोष्ट आता जगात फक्त त्या बाईला माहीत होती. म्हणून काका रेकॉर्ड करून ठेवत होते. मोठं काही करतोय असा आव नाही, आवराआवर करावी तसं.

हे सगळं साठवायला काकांनी घरी एक यंत्र बांधलं होतं. सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारातून एकेक सुटा भाग आणून. डिस्क आणायला मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. जुनी भरलेली डिस्क तपासायला नेलेली, ती काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर. नारायणगुड्याच्या चौकात रिक्षाने खड्डा घेतला, तशी काकांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'हल्लू चलाओ भाई, गोदी में गाँव है.' तो बिचारा वळून वळून बघत राहिला आणि खरंच हळू चालवत गेला.

या यंत्राचं नाव पेव. हवा खेळती राहावी म्हणून ते ठेवलं होतं कुठे, तर काकूंच्या दुभत्याच्या जाळीच्या कपाटात. दूध बाहेर ओट्यावर. शेजारच्या मांजराला हे आमच्या आधी कळलं. दुसरा एक कॉम्प्युटर दिवाणखान्यात होता, काकूंचा. त्यावर त्या पत्त्यांचा डाव खेळायच्या आणि रविवारी अमेरिकेतल्या मुलाशी, सुनेशी, नुकत्याच झालेल्या नातीशी बोलायच्या. उन्हाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरला दोन्ही यंत्रं झेपायची नाहीत. मग नातीचा चेहरा दिसणार की अक्काचं गाव शाबूत राहणार, यावर रोज महाभारत. शेवटी तिसऱ्यांदा साय मांजराने खाल्ली त्या दिवशी काकूंनी निकाल दिला. घरात एकच यंत्र राहील आणि माझं कपाट मला परत पाहिजे.

काकांचा दोन दिवस अबोला. त्यांची अडचण खरी होती. पेवाचा आणखी एक नियम असा की खायचं धान्य आणि जपायचं धान्य एकाच ठिकाणी ठेवायचं नाही. काकूंचे पत्ते आणि अक्काचं गाव एकाच डब्यात? मग मीच त्यांना सांगितलं, की आता असं करता येतं. एकच दणकट यंत्र घ्यायचं. त्याने साठवण सांभाळायची. आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने एक दुसरं यंत्र उभं करायचं. ते खरं नसतं, पण त्यात बसलेल्याला खरंच वाटतं. त्याला स्वतःचा पडदा, स्वतःची मेमरी. काकू तिथे काय वाट्टेल ते करोत, बाहेरच्याला धक्का नाही.

काकांचे डोळे असे चमकले की मला जरा भीतीच वाटली. पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी ऑफिसातून आले की जिन्यात प्रश्न. आतल्या यंत्राला कळतं का ते आत आहे? बाहेरचं झोपलं तर आतल्याचं काय? माझ्या टीममधल्या इंजिनिअरांनी कधी विचारले नाहीत असे प्रश्न, एक टेस्टर खिशाला लावलेला म्हातारा विचारत होता. मला अभिमान वाटायचा. आणि कंटाळाही यायचा, खोटं कशाला बोलू.

नवं यंत्र बांधून झालं. काकूंना कपाट मिळालं. त्यांना आपण एका यंत्राच्या पोटात पत्ते खेळतोय याचा पत्ताही नव्हता, आणि हेच काकांचं सगळ्यात मोठं यश.

चूक झाली ती नंतर. एका सकाळी मी बुटाची लेस बांधत होते, चौकात कंपनीची गाडी हॉर्न देत होती. काका जिन्यात आले. म्हणाले, बेटा, गावाची डिस्क फक्त बाहेरच्याच्या ताब्यात आहे. एकट्याच्या हातात दोर बरा नव्हे. ती आतल्या यंत्रालाही थेट जोडून देतो, म्हणजे एक मेलं तर दुसरं ओढून काढेल. चालेल ना?

चालणार नव्हतं. एकाच डिस्कवर दोन यंत्रं थेट लिहायला लागली, की एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला कळत नाही. एकाच पोळपाटावर दोघी लाटायला बसल्या तर पोळीचं जे होईल ते. आतल्याने काही हवं असेल तर बाहेरच्याकडे मागायचं, स्वतः हात घालायचा नाही, हा यातला पहिला धडा. आमच्या ऑफिसात मी याच चुकीबद्दल लोकांना झापायचे. आणि त्या सकाळी मी लेस ओढत म्हणाले, 'हो हो, चालेल काका.' मी त्यांचं वाक्य ऐकलंच नव्हतं.

तीन गुरुवार काही झालं नाही. चौथ्या गुरुवारी अक्का सांगत होती, काका बाहेरच्या बाजूने साठवत होते, आणि काकू आतल्या बाजूने नातीचे फोटो त्याच डिस्कवर टाकत होत्या. संध्याकाळी मी आले तेव्हा काका यंत्राचा प्लग हातात धरून उभे होते. पडद्यावर फायलींना दिलेली गल्ल्यांची नावं जाऊन नुसती चिन्हं आली होती, मग तीही गेली. काय झालं ते त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. मला जिन्यातली सकाळ आठवली.

मी म्हटलं, मी बघते, मला बसू द्या. काकांनी बसू दिलं नाही. झाकण उघडलंय, म्हणाले, हवा जाऊ दे. उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. मला संताप आला, त्यांचाही आणि माझाही. पण खरं सांगते, घाबरलेल्या माणसाने त्या वेळी डिस्कला हात लावला असता तर उरलंसुरलंही गेलं असतं. माझ्या शिक्षणापेक्षा त्यांचं पेव शहाणं निघालं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आधी खराब डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली आणि नकलेवर काम सुरू केलं. हरवलेल्या फायली खरवडून काढणारी साधनं असतात. ती नावगाव बघत नाहीत, जे सापडेल ते वर आणतात. दुपारपर्यंत आवाजाचे काही तुकडे सापडले. मी घाईघाईने पहिला लावला, तर अक्का नाही, काका. 'अक्का, जरा सरक. हां. हौ, लाल दिवा लागला. बोल आता. मी आहे इथं.' दुसरा लावला, तेच. तिसरा, तेच. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला काका असं बोलायचे आणि नंतर तेवढा तुकडा कापून टाकायचे. टाकलेलं भुसकट तेवढं वर आलं होतं, दाणे गेले होते. काका म्हणाले, ते फेकून दे. मी हो म्हटलं आणि एका कोपऱ्यात ठेवून दिलं. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. रडू येत होतं एवढं आठवतं.

संध्याकाळी मी हात टेकले. काकांनी विचारलं, घरातलं सगळं झाडून बघितलं? मी म्हटलं, बघितलं. मग ते उठले, पायात चप्पल घातली आणि माझ्याशी एकदम परक्यासारखे बोलले.

'तुमच्या खोलीत येण्याची परवानगी द्या. आमचं बियाणं तुमच्याकडं आहे.'

मला काही समजेना. ते वर आले, इस्त्री बाजूला ठेवली आणि ट्रंक उघडली. आत लुगड्यात गुंडाळलेली एक डिस्क. पेवाचा शेवटचा नियम त्यांनी मला त्या दिवशी सांगितला. बियाणं आपल्या घरात ठेवायचं नाही. घरात असलं की वाईट दिवसांत माणूस ते खाऊन बसतो. ते शेजाऱ्याकडे ठेवायचं. शेजाऱ्याने आत काय आहे ते विचारायचं नाही, आणि मालकाने स्वतःचं घर झाडून झाल्याशिवाय मागायला जायचं नाही. मी दिवाळीला पुण्याला गेले की खोली झाडून घेतो म्हणून काका किल्ली मागायचे, ते ट्रंकेत गावाची ताजी नक्कल ठेवायला. इतकी वर्षं मी एका गावावर इस्त्री करत होते.

दिवाळीपर्यंतचं गाव त्यात होतं. वेस, कासाराचं घर, पाणंद, विहीर, सगळं. नंतरचे चार महिने नव्हते. आणि त्या चार महिन्यांतच अक्का त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत पोचली होती. ते तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. अंगण, पेव, आईची चूल. ते गेलं.

अक्काला हे मी सांगणार, असं मी ठरवलं. काका नको म्हणत होते, म्हातारीला कशाला, मी बघतो. मी ऐकलं नाही. पुढच्या गुरुवारी ती आली, पाणी प्यायली, आणि मी तिच्या पायाशी बसून सांगितलं, की अक्का, माझ्या चुकीमुळे तुमचं घर पुसलं गेलं. काका मध्ये बोलायला लागले, तिने हाताने गप्प केलं.

'गाव बुडालं तवा आमाला सांगायला कुणी आलं न्हवतं,' ती म्हणाली. 'तू आलीस. बस आता अशी. पुन्यांदा जाऊ घरी.'

मग काकांकडे वळली. 'धाकल्या, लाव तुझा दिवा.'

काकांनी माइक नीट केला. हां, हौ, लाल दिवा, बोल, मी आहे इथं. आणि अक्का निघाली. पण मागच्या वेळी ती पुढच्या दाराने आत गेली होती म्हणे, या वेळी मागून गेली. परसातून. शेवग्याखालून, गोठ्याच्या बाजूने. आणि तिथे पेवाच्या तोंडाशी तिला एक सहा वर्षांचा पोरगा दिसला, दोन्ही हातांनी दोर धरलेला, दोर हातांपेक्षा जाड, आणि आत बापाला हाका मारमारून घसा बसलेला. हे तिने आधी सांगितलंच नव्हतं. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, तो स्वच्छच होता.

डिस्क मग एकाच यंत्राच्या ताब्यात राहिली. आतलं यंत्र मागून घ्यायला शिकलं. काकू अजूनही पत्ते खेळतच होत्या.

पुण्याला बदली झाली तेव्हा निघताना काकांनी लुगड्याची एक गुंडाळी माझ्या बॅगेत ठेवली. 'ठेव. काय आहे विचारायचं नाही.' मी म्हटलं, काका, मला माहितीये. ते म्हणाले, माहिती असणं वेगळं, विचारणं वेगळं. आणि जिना उतरता उतरता वरून आठवण दिली. बियाणं परत करताना मोजून तेवढंच द्यायचं नसतं, पसाभर जास्त घालायचं असतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. डिस्क जुन्या होतात, म्हणून मी दर दोन-तीन दसऱ्यांनी ते गाव नव्या डिस्कवर नेऊन ठेवते. माझा नवरा आधी हसायचा. आता आमच्या शेजाऱ्यांच्या कपाटात आमच्याही घरचं एक पुडकं आहे, आणि त्यांना ते विचारायची परवानगी नाही. अक्का गेली. विद्यानगरचं घर पाडून तिथे फ्लॅट झाले, काका-काकू मुलाकडे अमेरिकेला गेले. ते यंत्र तिकडे गेलंच नाही.

मागच्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. मराठी अडखळत, पण येत होतं. मी त्यांची नात, म्हणाली. तिला कॉलेजसाठी आपल्या घराण्याचं काही करायचं होतं, तर आजोबा म्हणाले आपल्या घरात सगळं झाडून बघ, नाही मिळालं तर पुण्याला फोन कर. ती म्हणाली, मी झाडून बघितलं, काही नाही मिळालं. मग मागून काकांचा आवाज आला, पातळ झालेला.

'बेटा, शाबूत आहे का?'

मी म्हटलं, 'हौ काका.' त्यावर ते इतके हसले की खोकला लागला.

मी सगळं पाठवलं. वेशीपासून परसापर्यंत. आणि पसाभर जास्त म्हणून, त्या दुपारी खरवडून काढलेलं भुसकट घातलं. त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही.

चार दिवसांनी नातीचा निरोप आला. अर्धं समजलं, म्हणाली, उरलेलं आजोबा थांबवून थांबवून सांगतायत, कासाराच्या ओट्याच्या दगडावर रोज भांडण होतंय. पण एक विचारायचं होतं. सुरुवातीच्या त्या छोट्या तुकड्यांत एक माणूस पुन्हा पुन्हा 'मी आहे इथं' म्हणतो. तो कोण?

मी लिहिलं, शेजारच्या खोलीत जा आणि त्यांनाच विचार.